आत्याच्या घरावर सोंगटी पडली तर

दर शुक्रवारी संध्याकाळी आत्या सगळ्यांच्या आधी टीव्हीसमोर येऊन बसायची. चष्मा पुसलेला, केस नीट विंचरलेले, जणू कुणाकडे पाहुणी म्हणूनच आली आहे. मालिका विनोदी होती, एका इमारतीतल्या चार बिऱ्हाडांची, आणि ती लिहायचा तिचा सख्खा भाचा. मागच्या सोफ्यावर मुलगा, सून आणि नात बसत. ते हसले की आत्या हसायची, ते थांबले की तीही थांबायची. शेवटी पडद्यावर नावं वर सरकू लागली की ती खुर्चीत पुढे वाकायची, भाच्याचं नाव आलं की बोट दाखवायची आणि म्हणायची, "आला बघा." मग उठून चहा टाकायची.

मालिकेतलं तिला काहीही ऐकू येत नव्हतं. ऐकण्याजोगे कान तिला उरलेच नव्हते. लग्नानंतर लगेच ती कापडाच्या गिरणीत लागली आणि निवृत्त होईपर्यंत मागावर उभी राहिली. विणाई खात्यातला तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. ओळीने लावलेले माग एकदम खडखडायला लागले की पायाखालची फरशी थरथरायची, दाढांपर्यंत कंप जायचा. बायका कानांत कापसाचे बोळे घालायच्या तर मुकादम ते काढायला लावायचा. बोळे घातले तर माग बिघडल्याचा आवाज कळणार कसा, असं त्याचं म्हणणं. कापड तपासायला भिंग होतं, धागा मोजायला यंत्र होतं, बायकांचे कान तपासायला मात्र कधी कुणी आलं नाही. एकेकीचं ऐकणं असं गेलं की गेल्याचंसुद्धा घरच्यांनीच तिला सांगितलं.

कान गेले तसं आत्याने डोळ्यांवर भागवलं. विणाई खात्यातल्या सगळ्याच बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या, दहा माग पलीकडे उभ्या असलेल्या मैत्रिणीशी सासूच्या कागाळ्या करायच्या आणि मधे उभ्या असलेल्या मुकादमाला पत्ता लागायचा नाही. घरीही तेच. समोरचा माणूस मान वळवून बोलू लागला की आत्या म्हणायची, "तोंड इकडे कर." त्यात राग नसायचा, विनवणीही नसायची. दिवा लाव म्हणावं तसं ती ते म्हणायची. टीव्हीवरच्या माणसांना मात्र असं सांगता येत नाही. ती पाठमोरी बोलतात, चालता चालता बोलतात, निम्म्या वेळा तर पडद्यावर ऐकणाऱ्याचाच चेहरा असतो. मुलाने कानाचं यंत्र आणून दिलं होतं, पण त्यात सगळे आवाज एकत्र कालवल्यासारखे यायचे आणि वर शिट्टी वाजायची.

भाच्याचे ओठ तिला सगळ्यांत सोपे जायचे. त्याचं कारण होतं. शिकायला म्हणून तो तिच्या घरी आला तेव्हा मिसरूड फुटत होतं, आणि नोकरी लागेपर्यंत तिच्याकडेच राहिला. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसायचा, दिवसभराचं सगळं सांगायचा, आणि सांगताना तिच्याकडे तोंड करून, शब्द न चावता, घाई न करता बोलायचा. पोटचा मुलगासुद्धा कंटाळून "काही नाही गं" म्हणून निघून जायचा, भाचा मात्र एकच गोष्ट तीनदा सांगायचा. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, चेष्टेने म्हणायचे, "हिचे कान म्हणजे हा पोरगा." आत्याने काही ऐकण्यात चूक केली तर तिघंही मिळून हसायचे. एकदा भाचा धापा टाकत आला आणि म्हणाला, गाडी चुकली. ती म्हणाली, बरं झालं, आता घालून घे पलंगावर. तिने ऐकलं होतं, गादी सुकली. यावर आत्या स्वतः डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. आपल्या घरात, आपल्या माणसांत हसण्याची गोष्ट वेगळी असते.

मालिका गाजली. भाच्याचे फोटो छापून आले. आत्याला आणखी एक बदल जाणवला, तो तिने सुनेला कौतुकाने सांगितला. रस्त्यावरची माणसं तिच्याशी हल्ली नीट बोलायला लागली होती. औषधाच्या दुकानातला पोरगा तिला बघितलं की म्हणायचा, "तोंड इकडे कर, आत्या." इमारतीचा वॉचमन म्हणायचा. बसमधे एक अनोळखी बाईसुद्धा तिच्या बोलण्यावर हसून तेच म्हणाली. आत्याला वाटलं, लोकांना उशिरा का होईना समज आली. सून त्यावर "हो का" म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. मालिकेत एक बहिरी आत्या होती, चष्मा लावणारी, मोठ्या आवाजात बोलणारी, आणि "तोंड इकडे कर" हे तिचं पेटंट वाक्य होतं. ते आलं की मागून हशा वाजायचा. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. जिच्यावरून ते उचललं होतं ती समोरच्या खुर्चीत बसून त्यांच्याबरोबर हसत होती, आणि तिला कुणी काही सांगत नव्हतं.

पुढे एका खेळण्यांच्या कंपनीने मालिकेवर खेळ काढला. चौकोनी खोकं, झाकणावर चारही बिऱ्हाडं दात काढून हसताहेत, आणि खाली छापलेलं, 'आता घरीही हसा'. आत पट, फासे, पात्रांच्या सोंगट्या आणि पत्त्यांची गड्डी. नातीला तो वाढदिवसाला मैत्रिणीकडून मिळाला. एका सुट्टीच्या दुपारी, मुलगा आणि सून बाहेर गेलेले असताना, नात आणि तिच्या दोन मैत्रिणी बैठकीच्या खोलीत पट मांडून बसल्या.

आत्या आतून सरबताचे पेले घेऊन आली तेव्हा एका मुलीने दोन्ही कानांत बोटं खुपसली होती. दुसऱ्या दोघी तिच्यासमोर ओठ हलवत होत्या. कान बंद केलेली मुलगी डोळे बारीक करून, मान पुढे काढून बघत होती, आणि तिच्या ओठांवर आत्याने स्वच्छ वाचलं, तोंड इकडे कर.

"कुणाला म्हणतेस गं?" आत्याने विचारलं.

मुलगी दचकली आणि तिने बोटं काढली. नातीचा चेहरा एकदम उतरला. आत्याला वाटलं, आपण डाव मोडला. तिला खेळ मनापासून आवडायचे. गिरणीत जेवणाच्या सुट्टीत ती पत्त्यांत भल्याभल्यांना रडवायची. "मलाही घ्या," ती म्हणाली आणि मांडी घालून पटाशी बसली. "काय करायचं असतं?"

"आजी, हा तुला नाही आवडणार," नात म्हणाली.

"माझ्या भाच्याचा खेळ मला नाही आवडणार?"

तिने झाकण उलटं केलं. त्याच्या आतल्या बाजूला नियम छापले होते. मालिका तिला कधी ऐकू आली नव्हती, अक्षरं मात्र तिला व्यवस्थित वाचता येत होती. त्या नियमांत लिहिलं होतं, बहिऱ्या आत्याच्या घरावर सोंगटी पडली तर दोन्ही कानांत बोटं घाला. बाकीचे आवाज न करता एक वाक्य म्हणतील. ते चुकीचं ओळखलंत तर सर्वांनी मिळून हसा आणि एक डाव बुडवा.

आत्याने पटाकडे बघितलं. मधोमध एक जाडी बाई काढली होती. तोंड वासलेलं, चष्मा नाकावर घसरलेला, कानाशी हाताचा द्रोण. आत्याने गड्डी उचलली आणि एकेक पत्ता वाचायला घेतला. गाडी चुकली, आत्याने ऐकलं गादी सुकली, दोन घरं पुढे. दिवे गेले, आत्याने ऐकलं दीर गेले, रडत बसा, एक डाव बुडवा. सगळी तिच्या घरातली वाक्यं होती. ज्यांवर ओट्याशी बसून तिघं हसली होती ती. मग एक पत्ता तिच्या हातात राहिला.

डॉक्टर म्हणाले, ते आता नाहीत. आत्याने ऐकलं, ते आत नाहीत. नवऱ्याला शोधायला तीन घरं मागे जा.

हे जसंच्या तसं घडलं होतं. आतोबांना छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात नेलं होतं. आत्या बाहेर बाकावर त्यांच्या चपला पिशवीत घेऊन बसली होती, बाहेर आले की लागतील म्हणून. डॉक्टर आले ते तोंडावर मास्क लावूनच. ओठ दिसले नाहीत, तेव्हा थोडंफार उरलेल्या कानांनी जेवढं दिलं तेवढं तिने घेतलं. ते आत नाहीत. "मग कुठे नेलं त्यांना?" असं म्हणून ती निघाली. एक्स-रेच्या खोलीत डोकावली, जिन्यावर बघितलं, चहाच्या कॅन्टीनमध्ये जाऊन विचारलं, आमचे हे आलेत का. भाचा मागून धावत आला. त्याने तिला खिडकीपाशी उजेडात नेलं, दोन्ही खांदे धरले, तोंड समोर आणलं आणि हळूहळू, एकेक शब्द करून सांगितलं. आपला नवरा गेला हे आत्याने त्या पोराच्या ओठांवर वाचलं होतं. दुसरं कुणी तिथे नव्हतं. तिने हे कुणाला कधी सांगितलं नव्हतं. पत्त्याच्या मागच्या बाजूला कॅन्टीनमधे हात नाचवणाऱ्या जाड्या बाईचं चित्र होतं.

संध्याकाळी मुलगा आणि सून आले तेव्हा खोकं जेवणाच्या टेबलावर होतं. आत्याने सुनेला समोर बसवलं.

"तुला माहीत होतं?"

सून नवऱ्याकडे बघायला लागली.

"त्याच्याकडे नको बघूस. माझ्याशी बोल."

"आई, लोकांना ते पात्र फार आवडतं," सून म्हणाली. "कुणी वाईट अर्थाने घेत नाही. आणि तुम्ही पण हसत होतात."

"तुम्ही हसत होतात म्हणून मी हसत होते. मला काय ठाऊक कशाला हसता ते."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं," मुलगा म्हणाला.

"वाईट वाटण्यासारखं आहे एवढं कळत होतं तर," आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीच मोठा, त्या दिवशी तो जिन्यापर्यंत गेला. "दर शुक्रवारी मला पुढे बसवलंत. माझ्या पाठीमागे बसून माझ्यावर हसलात. परक्यांनी केलं असतं तर मी त्यांना ओळखत नाही म्हणून सोडून दिलं असतं."

मी म्हणतो, नसेल मोडायचं तिचं मन, पण मग टीव्ही तरी बंद करायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाच्याच्या ऑफिसात गेली. काचेची भिंत, लांब टेबल, भिंतीवर चिकटवलेले रंगीत कागद, आणि टेबलाभोवती चार-पाच तरुण लेखक. आत्या दारात दिसली तशी त्यांच्यातली एक मुलगी आनंदाने उठली. "खऱ्या आत्या," ती शेजारच्याला म्हणाली. म्हणजे इथेही सगळ्यांना ठाऊक होतं.

भाचा तिला बाजूच्या खोलीत घेऊन गेला. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि खिडकीकडे तोंड करून काहीतरी सांगू लागला.

"तोंड इकडे कर," आत्या म्हणाली.

तो वळला. त्याचे डोळे लाल झाले होते, घरून रात्रीच फोन गेला असावा, पण आत्या ते बघून विरघळायला आली नव्हती. तिने तो पत्ता पर्समधून काढून टेबलावर ठेवला.

"आत्या, तू त्या मालिकेतलं सगळ्यांत लाडकं माणूस आहेस," तो म्हणाला. "लोक तुझ्यासाठी बघतात."

"मी कुठे आहे त्यात? माझे फुटके कान आहेत. ते कशाने फुटले हे दाखवलंस कधी? एक तरी माग दाखवलास?"

"विनोदी मालिका आहे गं."

"गादी सुकली हा विनोद होता. तो माझा होता, तो तू घेतलास, मला विचारलं असतंस तर दिलाही असता. हा विनोद आहे?" तिने पत्त्यावर बोट ठेवलं. "तू होतास तिथे. तू मला खिडकीपाशी नेलंस."

त्याने पत्ता उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "मालिकेत आतोबा मरत नाहीत, आत्या. डॉक्टर दुसऱ्याच माणसाबद्दल बोलत असतात. ती कॅन्टीनमध्ये जाते तेव्हा ते तिथे खरंच चहा पीत बसलेले असतात. मी त्यांना मरू दिलं नाही. ते लिहिताना मी रडलो होतो."

आत्याने त्याचे ओठ शेवटपर्यंत वाचले.

"तुझ्या मालिकेत सापडले," ती म्हणाली. "मला नाही सापडले. मी सगळं कॅन्टीन बघितलं."

तिने विचारलं, हा खेळ दुकानांतून काढशील का. तो म्हणाला, ते आता कंपनीच्या हातात आहे, माझी सही झालीय, माझं काही चालत नाही. एवढा गाजलेला लेखक, एका पत्त्यापुढे त्याचं काही चालत नव्हतं. आत्या उठली.

मग ती कंपनीत गेली, आणि एकटी गेली नाही. गिरणीतली तिची मैत्रीण, जिला उंचीमुळे सगळे शिडी म्हणत, ती बरोबर होती. शिडीचे कान आत्यापेक्षा गेलेले आणि आवाज तिच्याहून दुप्पट. विक्रीचे साहेब त्यांना भेटले, पण संगणकाकडे बघत, तोंडासमोर कॉफीचा पेला धरून. शिडीने हात लांब करून तो पेला त्यांच्या हातातून अलगद घेतला आणि बाजूला ठेवला.

"आता बोला," ती म्हणाली, आणि बाहेरच्या सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या.

साहेब म्हणाले की हा खेळ कुणा एका व्यक्तीबद्दल नाही. आत्या म्हणाली, ती व्यक्ती मी आहे, बसलेय समोर. साहेब म्हणाले की मुलांना यातून बहिऱ्या लोकांबद्दल आपुलकी वाटते. आत्याने नियमांचं झाकण पुढे केलं आणि 'सर्वांनी मिळून हसा' या ओळीवर नख ठेवलं. "हे वाचा," ती म्हणाली. "मोठ्याने. मला नाही ऐकू येणार, तुमच्या लोकांना येईल." साहेबांनी वाचलं नाही. त्याऐवजी त्यांचा चेहरा अचानक उजळला. त्यांना एक कल्पना सुचली होती. खरी आत्या आमच्या जाहिरातीत आली तर? कुटुंबासोबत खेळ खेळताना, हसताना. लोकांना किती आवडेल.

आत्याने शिडीकडे बघितलं. शिडीने खात्यातल्या सवयीने, आवाज न काढता, ओठांनी एक शब्द म्हटला. तो इथे लिहिता येणार नाही. दोघी एकदम हसल्या, आणि साहेबही त्यांच्याबरोबर हसले. आपल्याला हो मिळालं असं त्यांना वाटलं असावं.

"नाही," आत्या म्हणाली. "हा दवाखान्याचा पत्ता काढा. माझ्या माणसाच्या मरणावर कुणी तीन घरं मागे जायचं नाही. बाकी तुमच्या अब्रूचं तुम्ही बघा."

बाहेरच्या टेबलांवर कुणीतरी हे सगळं फोनवर टिपलं होतं, त्यामुळे असेल, पण कंपनीने पुढच्या छपाईत तो पत्ता वगळला. आत्याचं घर, कानांत बोटं, सर्वांनी मिळून हसा, हे तसंच राहिलं. वर खोक्यावर छापलं, 'नवी, अधिक मजेदार आवृत्ती'. माफीचा शब्द कुठेच नव्हता. ज्यांच्या हातून तो पत्ता छापला गेला त्यांतल्या एकालाही त्यासाठी काही भोगावं लागलं नाही, आणि याची चीड मला आजही येते.

भाच्याने मालिकेतल्या आत्याला मुलीकडे राहायला पाठवून दिलं. प्रेक्षक नाराज झाले म्हणे. तो मधून मधून घरी येतो. आत्या दार उघडते, चहा देते, पण तो बोलायला लागला की कपबशी आवरायला उठते, खिडकी लावते, बघत नाही त्याच्याकडे. तो तिच्या पाठीशी बोलत राहतो. एकदा त्याने कागदावर लिहून दिलं, मला माफ कर. तिने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "लिहिणं तुला जमतं, माहीत आहे मला."

घरात मात्र तिने एक बदल करून घेतला. खाली अक्षरं उमटत नाहीत असा एकही कार्यक्रम तिच्यासमोर लावायचा नाही, हे तिने मुलाला बजावलं. मुलाने शोधून शोधून टीव्हीत ती सोय करून घेतली. पहिल्या आठवड्यात आत्याने सगळ्या विनोदी मालिका वाचून काढल्या आणि सुनेला म्हणाली, "यावर हसत होतात तुम्ही इतकी वर्षं?" सून या वेळी खरोखर हसली, आणि आत्याने तिला हसू दिलं.

आता ती बातम्या बघते. मंत्री काय बोलले ते अक्षरांत वाचते, त्यांचे ओठही वाचते, आणि दोन्ही जुळलं नाही की खुर्चीतून उठून टीव्हीला जाब विचारते. शिडी दुपारची येते तेव्हा दोघी मिळून विचारतात. शेजाऱ्यांची तक्रार आली आहे. आत्या म्हणते, येऊन समोर उभं राहून सांगा म्हणावं.